लाइन डान्स शिकवणारी माणसं आली कुठून

कंट्री वेस्टर्न लाइन डान्सची टीचर व्हायचंय, पुढे स्वतःचे डान्स बसवायचेत असं कुणी म्हटलं की लगेच विचारतात, याचा कोर्स कुठे असतो, सर्टिफिकेट कोण देतं. उत्तर द्यायचं तर थोडं मागे जावं लागतं, कारण हे काम कुठल्या नृत्यशाळेत सुरू झालंच नाही, ते अमेरिकेतल्या बारमधे आणि कम्युनिटी हॉलमधे सुरू झालं आणि बरीच वर्षं ते करणाऱ्यांनाही हे वेगळं काम आहे असं वाटत नव्हतं. आणि मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती म्हणजे डान्सवर बसवणाऱ्याचं नाव लागणं. हे नाव लागायला लागलं तेव्हा लाइन डान्सचा कोरिओग्राफर असा माणूस तयार झाला, त्याआधी डान्स होते पण ते कुणाचेच नव्हते.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. कंट्री म्हणजे अमेरिकेतलं गावाकडच्या वळणाचं संगीत, त्यावर हा डान्स होतो. माणसं रांगांमधे उभी राहतात, जोडीदार लागत नाही, सगळे एकाच वेळी त्याच स्टेप्स करतात. शाळेत लेझीम केलेल्या कुणालाही रांगेत एकत्र पाय पडण्याची मजा सांगायला नको. स्टेप्सचा एक संच असतो, साधारण ३२, ४८ किंवा ६४ काउंटचा (काउंट म्हणजे गाण्याचा एक ठोका), तो संपला की परत पहिल्यापासून, गाणं संपेपर्यंत. संचाच्या शेवटी पाव वळण घेऊन पुढच्या भिंतीकडे तोंड होत असेल तर फोर वॉल, अर्धं वळून मागच्या भिंतीकडे होत असेल तर टू वॉल. गाणं चालू असताना स्टेप्स कुणी सांगत नाही, त्या आधीच पाठ असाव्या लागतात. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं बरंचसं त्यावरच आहे.

कारण याच्या आधीच्या अमेरिकन लोकनृत्यात असं नव्हतं. स्क्वेअर डान्समधे चार जोड्या चौकोनात उभ्या राहतात आणि कॉलर नावाचा माणूस माइकवरून प्रत्येक हालचाल त्या त्या क्षणी सांगत असतो. १९२० च्या दशकात हेन्री फोर्डने, तोच गाड्यांवाला, जुने डान्स परत रुजवायचे म्हणून बेंजामिन लव्हेट नावाच्या डान्स मास्टरला डिअरबॉर्नला आणून ठेवलं, जॅझवर तो माणूस फार नाराज होता. कोलोरॅडो स्प्रिंग्जमधे लॉइड शॉ नावाच्या शाळाप्रमुखाने काउबॉय लोकांचे डान्स गोळा करून १९३९ मधे त्यावर पुस्तक काढलं आणि पुढे कॉलर लोकांसाठी उन्हाळी वर्ग घेतले. म्हणजे शिकवणाऱ्यांना शिकवायचं ही परंपरा तिथून दिसते. पण स्क्वेअर डान्सला जोडीदार लागतो, आठ माणसं जमावी लागतात, आणि क्लबमधे नाचायचं तर आधी महिनोन्महिने वर्ग करावे लागतात. एकटी बाई संध्याकाळी गेली आणि नाचून आली असं तिथे जमणं कठीण.

रांगेत, जोडीदाराशिवाय नाचायची सवय दुसऱ्याच बाजूने आली, आणि ही बाजू कंट्रीच्या इतिहासात अनेकदा गाळली जाते म्हणून मुद्दाम सांगते. १९५० च्या दशकाच्या शेवटी ओहायोतल्या कोलंबस शहरात, कृष्णवर्णीय लोकांच्या क्लबांमधे मॅडिसन नावाचा डान्स सुरू झाला, १९६० मधे तो बॉल्टिमोरच्या टीव्हीवर आला आणि देशभर गेला. मग डिस्कोच्या काळात बस स्टॉप नावाचा डान्स आला, हसल या डिस्को डान्सचे रांगेत नाचायचे प्रकार आले. ग्रेपव्हाइन म्हणजे बाजूला जाताना एक पाय मागून टाकणं, मग टच, मग पाव वळण, हे सगळं आज काउबॉय बूट घालून करतात ते तेव्हा डिस्कोच्या फ्लोअरवर चालू होतं. जॉन ट्रव्होल्टा १९७७ च्या 'सॅटर्डे नाइट फीव्हर' मधे पांढऱ्या सूटमधे नाचला आणि तीनच वर्षांनी, १९८० मधे, 'अर्बन काउबॉय' मधे हॅट घालून टेक्सासमधल्या पॅसाडीनाच्या गिलीज या भल्या मोठ्या बारमधे नाचला. त्या दुसऱ्या सिनेमाचे डान्स बसवले पॅट्सी स्वेझी यांनी, ह्यूस्टनमधे डान्स शिकवणाऱ्या बाई, पॅट्रिक स्वेझीची आई. डिस्को ओसरत होता, क्लबवाल्यांकडे मोठे फ्लोअर आणि साउंड सिस्टिम होत्याच, सिनेमानंतर अनेकांनी भिंतीवर हॅट न् लगाम टांगले आणि कंट्री गाणी लावायला सुरुवात केली. नाचणारी माणसंही बरीचशी तीच होती, त्यांनी आपल्या स्टेप्स सोबत आणल्या.

आता इथे अडचण अशी झाली की कंट्री बारमधे कॉलर नाही, गाण्यातही कुणी स्टेप्स सांगत नाही (मॅडिसनच्या रेकॉर्डवर सांगायचे, आणि नंतरच्या 'चा चा स्लाइड' या गाण्यातही सांगतात), त्यामुळे नवीन आलेला माणूस कडेला उभा राहून नुसता बघत बसणार. मग बारवाल्यांनी उपाय काढला. मंगळवार-बुधवारसारख्या थंड दिवशी, गर्दी व्हायच्या आधी, संध्याकाळी तासभर फुकट किंवा नाममात्र पैशात लेसन. कॉलरचं काम होतं ते नाचाच्या मधून उचलून नाचाच्या आधी आलं, आणि तिथे टीचर उभी राहिली. 'उभी' म्हणते कारण या कामात बायका फार मोठ्या संख्येने होत्या आणि आहेत, कुणी दिवसा ऑफिसात, कुणी शाळेत, कुणी नर्स, आणि संध्याकाळी हेडसेट माइक लावून फ्लोअरवर.

त्या काळात टीचर होण्याचा मार्ग एकच, आधी खूप नाचायचं, मग बाजूच्याला दाखवायचं, मग एक दिवस नेहमीची टीचर आली नाही म्हणून बारवाला तुम्हालाच विचारणार. पण यातून गोंधळही झाला. प्रत्येक गावात त्याच डान्सला वेगळं नाव, एकाच नावाचे वेगवेगळे डान्स, एकीकडे ज्याला शफल म्हणतात त्याला दुसरीकडे आणखी काही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात केली जेलेट यांच्या पुढाकाराने नॅशनल टीचर्स असोसिएशन फॉर कंट्री वेस्टर्न डान्स ही संघटना उभी राहिली, स्टेप्सची नावं आणि व्याख्या एकसारख्या करणं हे तिचं मोठं काम. कोस्टर स्टेप म्हणजे मागे, जवळ, पुढे. सेलर स्टेप म्हणजे एक पाय दुसऱ्याच्या मागून, बाजूला, बाजूला. जॅझ बॉक्स, किक बॉल चेंज, पिव्हट. वाचायला कोरडं वाटतं पण याच्याशिवाय पुढचं काहीच झालं नसतं, कारण नावं ठरली म्हणून डान्स कागदावर लिहिता आला आणि कागद पोस्टाने पाठवता आला.

तो कागद म्हणजे स्टेपशीट. वर डान्सचं नाव, किती काउंट, किती वॉल, लेव्हल, गाणं कुठलं, कितव्या काउंटला सुरू करायचं, आणि कोरिओग्राफरचं नाव, खाली आठ-आठ काउंटचे तुकडे. मला हा साधा कागद फार आवडतो. टश पुश हा आजही सगळीकडे नाचला जाणारा डान्स, त्यावर जिम फेराझानो हे नाव आहे. बूट स्कूटिन बूगीवर कॅनडातल्या व्हँकुव्हरचे बिल बेडर, त्यांनी तो १९९० मधे बसवला, असलीप अ‍ॅट द व्हील या बँडच्या रेकॉर्डिंगवर, ब्रूक्स अँड डन या कंट्री जोडीचं त्याच गाण्याचं व्हर्जन हिट व्हायच्या आधी. पुढे त्याच नावाचे इतके डान्स झाले की कुठला नाचायचा हे कोरिओग्राफरच्या नावाशिवाय सांगताच येईना.

मग १९९२. कंट्री गायक बिली रे सायरसचं 'एकी ब्रेकी हार्ट' हे गाणं. त्याचा डान्स मेलनी ग्रीनवुड यांनी बसवला होता आणि रेकॉर्ड कंपनीने तो गाण्याच्या प्रचारासाठीच क्लबांमधे पोचवला, व्हिडिओमधेही लोक तोच करताना दिसतात. आधी लोक गाणं ऐकून डान्स काढायचे, इथे गाणं विकायला डान्स वापरला. ते गाणं असलेला अल्बम अमेरिकेत १७ आठवडे पहिल्या नंबरवर होता. अचानक इतकी माणसं शिकायला आली की बारमधल्या एका तासाच्या लेसनने भागेना, चर्चचे हॉल, वायएमसीए, सीनियर सेंटर सगळीकडे वर्ग सुरू झाले, व्हीएचएस कॅसेट निघाल्या, टीएनएन या केबल चॅनेलवर नॉक्सव्हिलमधे शूट होणारा 'क्लब डान्स' हा कार्यक्रम १९९१ ते १९९९ चालला. आज सत्तरीच्या आसपास असलेल्या कितीतरी टीचर याच लाटेत आल्यात.

लाट ओसरली, पण डान्स ओसरला नाही, आणि याचं श्रेय मी कोरिओग्राफरना देते. १९९४ मधे मॅक्स पेरी यांनी द ग्रिडच्या 'स्वॉम्प थिंग' या टेक्नो गाण्यावर, बँजो वाजतो म्हणून थोडं कंट्रीसारखं वाटणाऱ्या, 'स्वॉम्प थँग' बसवला आणि तो जगभर गेला. कंट्री सोडून दुसऱ्या गाण्यावर नाचायचं का यावर खूप वाद झाले, अजूनही होतात, पण दार उघडलं ते उघडलं. पेरी, जो थॉम्पसन शिमान्स्की, स्कॉट ब्लेव्हिन्स अशा लोकांनी चा चा, वॉल्ट्झ, नाइटक्लब टू स्टेप हे जोडीने नाचायचे प्रकार लाइन डान्समधे आणले. ब्रिटनमधे तर गावोगावच्या क्लबांत आणि हॉलमधे हे इतकं पसरलं की १९९७ मधे स्टेप्स नावाच्या पॉप ग्रुपने पहिलं गाणंच लाइन डान्सवर काढलं. तिथे 'लाइनडान्सर' हे मासिक निघालं, ब्लॅकपूलला क्रिस्टल बूट अवॉर्ड्स सुरू झाले, आणि कॉपरनॉब या वेबसाइटवर स्टेपशीट्सचा प्रचंड साठा जमा झाला. मॅगी गॅलहर, रेचेल मॅकअनेनी, रॉबी मगावन हिकी ही नावं अशा माणसांची आहेत ज्यांचे डान्स दुसऱ्या खंडातल्या अनोळखी हॉलमधे दर आठवड्याला नाचले जातात.

आता बसवणं म्हणजे काय करतात ते सांगते, कारण लोकांना वाटतं चार स्टेप्स जोडल्या की झालं. आधी गाणं मोजायचं. बहुतेक गाणी आठच्या पटीत चालतात पण मधेच कुठेतरी कडवं अर्ध्यावर तुटतं, मग तिथे रीस्टार्ट द्यायचा म्हणजे संच अर्धवट सोडून पहिल्यापासून, किंवा चार-आठ काउंटचा टॅग जोडायचा. शक्यतो एकही नसेल तर उत्तम, दोन रीस्टार्ट आणि दोन टॅग असलेला डान्स लोक पाठ करत नाहीत. मग वजन. डान्स उजव्या पायाने सुरू होत असेल तर शेवटच्या काउंटला वजन डाव्यावर हवं, नाहीतर दुसऱ्या फेरीला सगळी रांग अडखळते. वळून वळून चक्कर येता कामा नये, आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना वळण टाळून करता येईल अशी जागा ठेवायची. शिकवतानाही तसंच. टीचर लोकांकडे पाठ करून उभी राहते म्हणजे उजवं-डावं सगळ्यांचं एकच राहतं, पुढची स्टेप काउंट यायच्या आधी ओरडायची, आणि भिंत बदलली की धावत नव्या पुढच्या बाजूला जायचं, कारण मागे लपलेले नवशिके आता पहिल्या रांगेत आलेले असतात. चांगली टीचर इथेच ओळखू येते.

आणि यातून पैसे? वर्गाची फी, वर्कशॉपचं मानधन, इव्हेंटला बोलावलं तर प्रवासखर्च. डान्स बसवल्याचे मात्र जवळपास काहीच मिळत नाही, स्टेपशीट फुकट वाटली जाते. कायद्याचाही आधार नाही. अमेरिकेच्या १९७६ च्या कॉपीराइट कायद्याने कोरिओग्राफीला पहिल्यांदा स्पष्ट संरक्षण दिलं, पण कॉपीराइट ऑफिस सोशल डान्स त्यात धरत नाही, आणि त्यांच्या मार्गदर्शिकेत लाइन डान्सचं नाव घेऊन तसं लिहिलंय. ग्रेपव्हाइनसारखी एकेकटी स्टेप तर कुणाची असूच शकत नाही. इलेक्ट्रिक स्लाइड हा प्रसिद्ध लाइन डान्स आपण १९७६ मधे बसवला असं सांगणारे रिक सिल्व्हर यांना लोक तो चुकीचा नाचतात याचा फार त्रास व्हायचा, मूळ २२ स्टेप्स आणि लोक करतात १८. २००७ मधे त्यांनी यूट्यूबवरून व्हिडिओ काढायला लावले, एका मैफलीतल्या काही सेकंदांच्या नाचावरून इंटरनेटवरच्या हक्कांसाठी लढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने त्यांच्यावर केस केली, आणि तडजोड अशी झाली की बिगरधंदेवाईक वापर सगळ्यांना मोकळा. सिल्व्हर यांची पद्धत मला पटत नाही पण त्यामागचं दुखणं पटतं. म्हणूनच वर्गात डान्स सुरू करताना कोरिओग्राफरचं नाव घ्यायचं, शीट बदलून स्वतःच्या नावाने द्यायची नाही, शिकवायला सोपं म्हणून स्टेप बदलली तर तसं सांगायचं, या गोष्टी या जगात फार कडक मानल्या जातात. बसवणाऱ्याला मिळतं ते एवढंच.

आज परीक्षा आहेत, ब्रिटनमधे डान्स टीचर्सच्या संस्था घेतात, अमेरिकेत स्पर्धांमधून पंच आणि शिक्षक तयार होतात, पण रोजच्या वर्गाला येणारी माणसं सर्टिफिकेट विचारत नाहीत. कोरिया, इंडोनेशिया, मलेशिया, सिंगापूर इथे मोठमोठे वर्ग भरतात, मध्यमवयीन बायका पुष्कळ, आणि नवीन डान्सचा ओघ आता तिकडूनही येतो. स्पेनमधल्या कॅटलोनियात पाय आपटत, उड्या मारत नाचायची वेगळीच कॅटलन शैली झाली. २०२४ मधे बियॉन्सेच्या 'टेक्सास होल्ड एम' नंतर तरुण मुलं परत रांगेत आली आणि कृष्णवर्णीय काउबॉय परंपरा, दक्षिणेतल्या ट्रेल राइड म्हणजे घोड्यांवरून एकत्र निघायच्या फेऱ्या आणि तिथले लाइन डान्स यांच्याबद्दल उघडपणे बोललं जाऊ लागलं. त्यानंतर ८०३फ्रेश या गायकाच्या 'बूट्स ऑन द ग्राउंड' या गाण्यावर हातात पंखे घेऊन नाचायचा डान्स फोनवरून देशभर पसरला. स्टेपशीट हातात नसलेल्या लाखो लोकांनी तो व्हिडिओ बघून उचलला, तरी तो ट्रे लिटल यांनी बसवला हे नाव त्याच्यासोबत गेलं.