पक्ष्याचे हाड : जीवाश्म आणि उपजीवाश्म

१८४७ मध्ये वॉल्टर मँटेल यांना न्यूझीलंडच्या नॉर्थ आयलंडवर मोआ या नामशेष, न उडणाऱ्या पक्ष्याच्या हाडांसोबत आणखी एका पक्ष्याची हाडे मिळाली. ती लंडनला शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांच्याकडे गेली आणि १८४८ मध्ये त्यांनी या पक्ष्याला ‘नोटॉर्निस मँटेली’ असे नाव दिले. जांभळ्या पाणकोंबडीचा हा थोराड, न उडणारा भाऊबंद केवळ हाडांवरून ओळखला गेला होता. पुढच्याच वर्षी साउथ आयलंडच्या किनाऱ्यावर सील मारणाऱ्यांच्या हाती तसाच एक पक्षी जिवंत लागला. त्यांनी तो तीन-चार दिवस सांभाळला आणि मग खाऊन टाकला. कातडे तेवढे मँटेल यांच्यापर्यंत पोचले. हाच ताकाहे. १८९८ नंतर तो पुन्हा दिसेनासा झाला आणि १९४८ मध्ये जेफ्री ऑर्बेल यांना परत सापडला. नॉर्थ आयलंडची हाडे आणि साउथ आयलंडचे जिवंत पक्षी आता दोन वेगळ्या जाती मानल्या जातात. त्यातली हाडांवरून नाव मिळालेली जाती खरोखरच नामशेष झाली आहे.

ज्या हाडांच्या मालकाचा सख्खा शेजारी अजून चालता-फिरता आहे, त्यांना जीवाश्म म्हणायचे का? बोलताना सगळे म्हणतात, बातम्यांत तर सर्रास छापतात. पण अभ्यासक अशा हाडांना बहुधा उपजीवाश्म म्हणतात, आणि तसे म्हणण्याला कारण आहे.

या दोहोंतला फरक सांगायला दोन निकष वापरले जातात आणि गोंधळाचे मूळ इथेच आहे. पहिला निकष हाडाच्या अवस्थेचा. हाड गाळाखाली दबले, भूजलातली खनिजे त्याच्या पोकळ्यांत शिरली, मूळ पदार्थ बराचसा बदलला, की ते जीवाश्म. ही क्रिया अर्धवट राहिली असेल किंवा सुरूच झाली नसेल, हाडात कोलॅजन हे प्रथिन शिल्लक असेल, तर ते उपजीवाश्म. दुसरा निकष वयाचा. होलोसीन काळातले, म्हणजे साधारण गेल्या ११,७०० वर्षांतले अवशेष उपजीवाश्म आणि त्याआधीचे जीवाश्म, अशी ढोबळ रेघ बरेच जण मारतात.

हे दोन निकष नेहमी जुळत नाहीत. लॉस एंजेलिसमधल्या रांचो ला ब्रेआच्या डांबराच्या खड्ड्यांतली हाडे बहुतांशी प्लाइस्टोसीनची, म्हणजे होलोसीनच्या लगेच आधीच्या काळातली, म्हणून वयाने जीवाश्म. पण डांबराने ती तपकिरी करून जपली आहेत, त्यांतले कोलॅजन टिकले आहे आणि रेडिओकार्बनने त्यांचे वय काढता येते. गंमत म्हणजे तिथे सर्वाधिक सापडणारा पक्षी सोनेरी गरुड आहे, जो आजही आकाशात आहे. म्हणजे ‘जीवाश्म’ म्हटले की पक्षी नामशेषच असला पाहिजे, हेही खरे नाही. मला विचाराल तर वयाची रेघ ही सोयीची रेघ आहे. वर्गीकरण करणाऱ्याच्या दृष्टीने खरा प्रश्न हाडात काय उरले आहे हा असतो. पुढचे सगळे त्यावर ठरते.

हाडात काय उरले हे पाहायची एक जुनी युक्ती होती. कोलॅजन शिल्लक असलेल्या हाडाला तापलेली सुई टेकवली तर जळक्या केसांसारखा वास येतो, दगड झालेल्या हाडाला येत नाही. आज कोणतेही संग्रहालय हा प्रयोग करू देणार नाही. नमुन्याचा कणभर भाग घेऊन त्यातला नायट्रोजन मोजतात. नुसत्या हातालाही थोडाफार अंदाज येतो. पक्ष्याचे हाड मुळात पोकळ आणि पातळ भिंतीचे. उपजीवाश्म हाड उचलले की ते वजनाला हलके, कडेला ठिसूळ लागते आणि मोडलेल्या तोंडाशी आतले बारीक आधारदांडे मोकळे दिसतात. पूर्ण जीवाश्म झालेल्या हाडात तीच पोकळी खनिजाने भरलेली असते, किंवा वरच्या थरांच्या भाराने हाड दाबून चपटे झालेले असते.

या पोकळपणामुळेच पक्ष्यांचे चांगले जीवाश्म दुर्मीळ. जाडजूड सस्तन प्राण्यांची हाडे जिथे तग धरतात तिथे पक्ष्यांच्या हाडांचा भुगा होतो. त्यासाठी अगदी शांत पाण्यातला बारीक गाळ लागतो, जसा बव्हेरियातल्या सोल्नहोफेनच्या खाजणांत होता. तिथल्या चुनखडीत सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा आर्किऑप्टेरिक्स हा आद्य पक्षी मिळाला. १८६१ मध्ये हर्मान फॉन मायर यांनी त्याच्या एका पिसाचे वर्णन केले. चीनच्या लिआओनिंग प्रांतात जुन्या तळ्यांच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेसह कन्फ्यूशिअसॉर्निस या प्राचीन पक्ष्याचे शेकडो सांगाडे पिसांसकट सापडले.

उपजीवाश्मांची घरे वेगळीच : गुहा, चुनखडीतली विवरे, लाव्हाच्या नळ्या, दलदली, वाळूच्या टेकड्या. त्यातही बेटे फार महत्त्वाची, कारण माणूस पोचल्यावर तिथले न उडणारे पक्षी झपाट्याने संपले आणि त्यांची हाडे अजून ताजी आहेत. मॉरिशसमध्ये १८६५ साली जॉर्ज क्लार्क या शाळामास्तरांनी मार ओ सोंज या दलदलीत मजूर उतरवले. गढूळ पाण्यात डोळ्यांना काही दिसण्याची सोय नव्हती; मजूर अनवाणी पायांनी चिखल चाचपडत आणि पायाला हाड लागले की वर काढत. डोडोचा सांगाडा जगाला माहीत झाला तो मुख्यतः असा, पायांनी शोधून. ती हाडे सुमारे ४,००० वर्षांची निघाली.

आता वर्गीकरण. नाव देण्याचे नियम दोन्हींना एकच आहेत. जीवाश्म असो, उपजीवाश्म असो की काल टिपलेला जिवंत पक्षी, आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहिता सगळ्यांना लागू. नव्या जातीसाठी प्रमाण-नमुना, म्हणजे नाव ज्याला कायमचे जोडले जाते तो नमुना, ठरवावा लागतो आणि आधी दिलेल्या नावाला प्राधान्य मिळते. नावापुढे दिसणारी कट्यारीची खूण (†) ‘नामशेष’ एवढेच सांगते, जीवाश्म-उपजीवाश्म हा भेद सांगत नाही. ती आर्किऑप्टेरिक्सला लागते तशी डोडोलाही. म्हणजे उपजीवाश्म हा काही पक्ष्यांचा गट नव्हे आणि वर्गीकरणातली पायरीही नव्हे. फरक पडतो तो पुरावा वाचण्यात.

जुन्या जीवाश्माच्या बाबतीत हाती असतो फक्त आकार. हाडावरचे उंचवटे, खोबणी, सांधे यांची यादी करायची, ती इतर शेकडो नमुन्यांशी ताडून पाहायची आणि वंशवृक्षात जागा शोधायची. कधी एवढ्यावरही मोठे काम होते. १९८१ मध्ये सिरिल वॉकर यांनी अर्जेंटिनातल्या काही क्रिटेशस, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या कालखंडातल्या, हाडांवरून एनँटिऑर्निथीस, म्हणजे ‘उलटे पक्षी’, हा अख्खा गट वेगळा काढला. खांद्याच्या सांध्यात आजच्या पक्ष्यांमध्ये ज्या हाडाला उंचवटा आणि ज्याला खोबण असते, ते इथे नेमके उलट होते. क्रिटेशसमध्ये सर्वत्र पसरलेला हा गट त्या काळाच्या शेवटी डायनोसॉरांबरोबर संपला. त्यातल्या एखाद्या पक्ष्याला आजच्या कोणत्याही कुलात बसवता येत नाही. तो आजच्या पक्ष्यांच्या फांदीच्या बाहेरचा.

म्हणून जीवाश्माबाबत पहिला प्रश्न असतो : हा आजच्या पक्ष्यांच्या फांदीत बसतो की बाहेर? बेल्जियममधल्या ६ कोटी ६७ लाख वर्षांपूर्वीच्या अ‍ॅस्टेरिऑर्निसचे उदाहरण घ्या. बाहेरून पाहिले तर चुनखडीच्या छोट्या तुकड्यांतून पायांच्या हाडांचे मोडके भाग डोकावत होते, बाकी काही नाही. सीटी स्कॅनमध्ये आत जवळपास पूर्ण कवटी दिसली. चोचीकडून कोंबडीसारखी, मागून बदकासारखी. २०२० मध्ये त्याला कोंबड्या आणि बदके यांच्या समान पूर्वजाजवळ जागा मिळाली. पायांच्या हाडांवर निकाल द्यायचा असता तर इतके नेमके कुणालाच सांगता आले नसते.

आकारावर विसंबले की चुकाही आकाराच्याच होतात. १८५५ मध्ये बव्हेरियात सापडलेला एक नमुना हार्लेमच्या संग्रहालयात उडत्या सरीसृपाचे नाव लावून बसला होता. १९७० मध्ये जॉन ऑस्ट्रम यांनी तो आर्किऑप्टेरिक्स ठरवला. २०१७ मध्ये त्याला पुन्हा हलवून ऑस्ट्रोमिया हे नवे नाव मिळाले आणि तो पक्ष्यांच्या उंबऱ्याबाहेरचा, पिसांचा डायनोसॉर मानला गेला. एकाच दगडाची तीन बिऱ्हाडे.

उपजीवाश्माच्या चुका निराळ्या असतात आणि मला त्या जास्त बोलक्या वाटतात. मोआंचेच पाहा. १८३९ मध्ये ओवेन यांनी मांडीच्या हाडाच्या जेमतेम १५ सेंटिमीटर तुकड्यावरून न्यूझीलंडमध्ये शहामृगाच्या तोडीचा पक्षी होता असे ठामपणे सांगितले आणि पुढे आलेल्या हाडांनी ते खरे ठरवले. मग हाडांचा पूर आला. दलदलींतून, गुहांतून गाडीभर हाडे निघाली आणि लांबी-जाडीच्या फरकावर नवनव्या जाती पाडल्या गेल्या. एका टप्प्यावर तीसहून अधिक. आज नऊ मानतात. डायनॉर्निस या सर्वांत मोठ्या वंशात लहान, मध्यम आणि महाकाय अशा तीन जाती बरीच वर्षे टिकून होत्या. २००३ मध्ये हाडांतल्या डीएनएवरून नर-मादी ओळखले गेले. पक्ष्यांत डब्ल्यू गुणसूत्र फक्त मादीत असते, त्यामुळे ते शोधले की काम झाले. महाकाय ते सगळे माद्या निघाल्या, लहान ते नर. मादी नराच्या दीडपट उंच आणि वजनाने २.८ पट भरू शकत होती. जाती उरल्या दोन, एकेका बेटावर एकेक. हाडे मुबलक होती, मोजमापे अचूक होती, तरी नवरा-बायकोला दोन जातींत घालून झाले होते.

मादागास्करच्या एलिफंट बर्ड या नामशेष, न उडणाऱ्या महाकाय पक्ष्यांबाबत तेच पुन्हा झालेले दिसते. २०१८ मध्ये हाडांच्या मोजमापांवरून सर्वांत अवाढव्य पक्ष्यांसाठी ‘व्होरोम्बे टायटन’ असे वेगळे नाव पुढे आले. २०२३ मध्ये अंड्यांच्या कवचांतून मिळालेल्या डीएनएने या वेगळेपणाला दुजोरा दिला नाही. ते एपिऑर्निस या आधीच माहीत असलेल्या वंशातलेच असावेत आणि आकारातला फरक नर-मादीचा असावा, असा तर्क आहे. त्याआधी २०१४ मध्ये डीएनएनेच दाखवले होते की या पक्ष्यांचा सर्वांत जवळचा नातेवाईक शेजारच्या आफ्रिकेतला शहामृग नसून न्यूझीलंडचा छोटा किवी आहे. हाडे पाहून हे नाते कुणाला सुचले असते असे वाटत नाही.

डीएनए किती काळ टिकतो याचे एक चांगले मोजमापही मोआंच्याच हाडांतून आले. २०१२ मध्ये १५८ हाडांच्या अभ्यासातून डीएनएच्या ठरावीक लांबीच्या तुकड्यांचे अर्धायुष्य, म्हणजे त्यातले निम्मे नाहीसे व्हायला लागणारा काळ, तिथल्या तापमानाला ५२१ वर्षे निघाले. थंडीत ते वाढते, तरी आर्किऑप्टेरिक्सपर्यंत पोचण्याची आशा नाही. रेडिओकार्बनही सुमारे ५०,००० वर्षांपलीकडे निरुपयोगी. जुन्या जीवाश्माचे वय खडकावरून, ज्वालामुखीच्या राखेवरून काढावे लागते. पण जीवाश्म अगदी मुका असतो असे नाही. २०१० मध्ये अँकिऑर्निसच्या पिसांतल्या रंगकणांच्या ठशांवरून त्या पिसांच्या डायनोसॉराचा काळा-पांढरा अंगरखा आणि तांबूस तुरा उभा करता आला.

उपजीवाश्मांची आणखी एक कामगिरी म्हणजे माणसांच्या नोंदी तपासणे. रियुनियन बेटावर पांढरा डोडो होता, असे प्रवासवर्णने आणि जुनी चित्रे यांच्या आधारे फार काळ मानले जात होते. त्याला शास्त्रीय नावही मिळाले. पण बेटावर डोडोचे एकही हाड कधी सापडले नाही. १९७४ पासून सापडत गेली ती एका आयबिसची, म्हणजे शराटी कुळातल्या पक्ष्याची हाडे. प्रवाशांनी ‘सॉलिटेअर’ म्हणून वर्णिलेला पांढरा पक्षी तोच, हे १९९०च्या दशकात मांडले गेले. जुने नाव सोडता येत नाही, म्हणून ‘सॉलिटेरियस’ हा शब्द आता आयबिसच्या वंशनावामागे लागतो.

हवाईत तर नोंदीच नव्हत्या. ओआहूच्या बार्बर्स पॉइंटची विवरे, माउईच्या लाव्हानळ्या यांतून स्टॉर्स ओल्सन आणि हेलन जेम्स यांनी हाडे गोळा केली आणि १९९१ मध्ये एकदम ३२ नव्या जातींचे वर्णन केले. त्यात मोआ-नालो हे न उडणारे, हंसाएवढे, जाड चोचीचे पक्षी होते. शरीर पाहून त्यांना कलहंसांत घालावेसे वाटते. डीएनएने ते बदकांत नेऊन बसवले.

नामशेषांच्या याद्या वाचताना आणखी एक रेघ ध्यानात ठेवावी लागते, आणि तिचा हाडाच्या अवस्थेशी काहीच संबंध नाही. आययूसीएन ही संस्था आपल्या लाल यादीत इसवी सन १५०० नंतर संपलेल्या जातीच नामशेष म्हणून घेते. त्यामुळे सतराव्या शतकात संपलेला डोडो त्या यादीत आहे. त्याच्याइतक्याच ताज्या, कधी कधी कातडी आणि स्नायूंसकट मिळालेल्या अवशेषांचे मोआ मात्र तिच्या बाहेर राहतात, कारण ते १५०० च्या आधीच संपले असे मानतात. एकाच प्रकारचे उपजीवाश्म, पण एक लाल यादीत आणि दुसरा फक्त पुराजीवशास्त्राच्या सूचीत.