कौटुंबिक कायदा, सोलापूर

विवाह, घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा आणि निराधार मुलांची काळजी यांविषयीचे कायदे. सोलापूर शहरात १९८४ च्या अधिनियमाखालील कौटुंबिक न्यायालय आहे. त्याच्या हद्दीबाहेरचे दावे त्या त्या भागातील दिवाणी न्यायालयात चालतात. हिंदूंना १९५५ चा हिंदू विवाह अधिनियम लागू होतो, तर मुस्लिम पत्नीला १९३९ च्या कायद्याने घटस्फोट मागता येतो.

या भागात पुष्कळ भांडणे आधी बैठकीत येतात. दोन्हीकडची माणसे बसतात, मुद्रांकावर ‘यापुढे आमचा काही संबंध नाही’ असे लिहून घेतात, सह्या-अंगठे होतात, नोटरीचा शिक्का बसतो आणि फारकत झाली असे सारे धरून चालतात. समाजातील जुनी रूढी न्यायालयात सिद्ध झाली तरच अशा फारकतीला आधार मिळतो. एरवी हिंदू विवाह कायम राहतो, दुसरे लग्न रद्दबातल ठरते आणि त्याचा त्रास बहुधा दुसऱ्या बाईला भोगावा लागतो. दोघे राजी असतील तर सरळ वाट हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १३-ब ची, म्हणजे परस्पर संमतीने घटस्फोटाची आहे: वर्षभर वेगळे राहणे, संयुक्त अर्ज, त्यानंतर सहा महिन्यांची मुदत. योग्य प्रकरणात ही मुदत माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवले.

‘बाई विड्या वळते, मग पोटगी कशाला?’ हा युक्तिवाद सोलापुरात सहज केला जातो, पण तो कायद्यात टिकत नाही. थोडीफार कमाई आहे एवढ्यावर पोटगी नाकारता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालापासून दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. ‘पोटगी नको, पोर माझ्याकडे राहू द्या’ असे आईने लिहून दिले तरी मुलाचा पोटगीचा हक्क बुडत नाही. बैठकीच्या कागदात नेमके हेच विसरले जाते.

पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे राहते. त्यापुढे, आणि खरे तर त्याआधीही, मुलाचे हित हाच निकष. मूल समजते असेल तर न्यायाधीश त्याचेही म्हणणे ऐकतात.

आईवडिलांमधला ताब्याचा वाद न्यायालयाचा. ज्याला सांभाळणारेच कोणी नाही किंवा घरातच ज्याला धोका आहे, ते मूल २०१५ च्या बालन्याय अधिनियमाखाली बालकल्याण समितीकडे जाते. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत त्याला समितीपुढे हजर करावे लागते. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. टाकून दिलेल्या मुलांना आसरा देण्याचे काम या जिल्ह्यात जुने आहे: पंढरपूरचा बालकाश्रम १८७५ चा. आजचा कायदा मात्र संस्थेला शेवटचा पर्याय मानतो. एकल पालक किंवा नातेवाईक मुलाला घरीच वाढवत असतील, तर पात्र कुटुंबाला राज्याच्या बालसंगोपन योजनेतून दरमहा अनुदान मिळू शकते. त्यासाठीचा आदेश समितीच देते.