ठाण्याची खाडी

ठाण्याची खाडी : साष्टी बेट आणि कोकणची मुख्य भूमी यांच्यामधील भरती-ओहोटीचा जलमार्ग. लांबी सु. २६ किमी. पश्चिम काठावर मुलुंड, भांडुप, विक्रोळी, मानखुर्द; पूर्व काठावर ऐरोली, घणसोली, वाशी. दक्षिणेला ती मुंबई बंदराच्या पाण्यात रुंदावते. उत्तरेला ठाणे शहराजवळ एका अरुंद, उथळ वाटेने ती उल्हास नदीच्या मुखप्रदेशाला जोडलेली आहे. उल्हासचे पाणी मात्र मुख्यतः वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. त्यामुळे ठाण्याच्या खाडीला नदीमुख म्हणण्याचा प्रघात असला, तरी पावसाळा सोडून इतर काळात ती समुद्राच्याच पाण्यावर जगते.

उत्पत्ती : हा प्रश्न जुना आहे. एका मताप्रमाणे ही उल्हास नदीची दक्षिणेकडे वाहणारी जुनी शाखा. दुसऱ्या मताप्रमाणे खाडीची उत्तर-दक्षिण दिशा भूरचनेने ठरवली : पनवेल परिसरात दख्खनच्या बेसाल्टचे थर पश्चिमेकडे वाकलेले आहेत आणि किनाऱ्याला समांतर भेगा व भित्तिप्रस्तर (भेगांत शिरून थिजलेल्या लाव्हाच्या भिंती) बरेच आहेत, अशा कमकुवत पट्ट्यात झीज लवकर होऊन दरी कोरली गेली. तिसरे मत दरी कशी बनली यापेक्षा ती बुडाली कशी याचा विचार करते.

या तिसऱ्या मताचा सर्वांत ठोस आधार मुंबई बंदरात मिळाला. १८७० च्या दशकात प्रिन्सेस डॉकचे खोदकाम चालू असताना भरतीरेषेच्या बरेच खाली, चिखलाच्या थराखाली, खैराच्या ३८२ झाडांचे अवशेष उघडे पडले. त्यांतील २२३ बुंधे जागच्या जागी उभे होते. खैर हे कोरड्या, खडकाळ जमिनीवरचे झाड आहे, खाऱ्या चिखलात ते रुजत नाही. उभे बुंधे वाहूनही येत नाहीत. म्हणजे तो तळ एके काळी जमीन होता, एवढे निश्चित. पुढचा वाद जमीन खचली की समुद्र चढला, हा. पूर्वीच्या लेखकांचा कल खचण्याकडे होता. मुंबई बेटाच्या पूर्वेला बुडालेले जंगल आणि पश्चिमेला शंखशिंपल्यांचा घट्ट झालेला थर (करळ) दिसत असल्याने बेट एका बाजूला कलले असावे, असे ते मानत. हिमयुगानंतर जगभर समुद्राची पातळी सु. १२० मी. चढली आणि सु. सहा-सात हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीच्या आसपास आली, हे कळल्यावर खचण्याची गरज बरीच कमी झाली. स्थानिक हालचाल पूर्णपणे नाकारता येत नाही. तरी भूरचनेने आखलेली दरी चढत्या समुद्राने बुडवली, हे स्पष्टीकरण अधिक पटणारे आहे.

भरती-ओहोटी : दिवसातून दोन भरत्या व दोन ओहोट्या. मुंबईच्या अपोलो बंदरावर सरासरी उधाणात (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीत) पाणी सु. ३.६ मी. चढते-उतरते, भांगात (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीत) जेमतेम १.४ मी. भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा हिशेब असा : तिथीचा आकडा पाऊणपट करावा, तितके वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला पूर्ण भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. ठाण्याच्या बाजूला ती थोडी उशिरा पोचते.

खाडीचा गाळ समजून घेण्यासाठी हे आकडे महत्त्वाचे आहेत. बारमाही नदीचा लोट नसल्याने गाळ बाहेर नेण्याचे काम ओहोटीलाच करावे लागते आणि ओहोटीचा जोर भरतीला किती पाणी आत आले होते त्यावर ठरतो. काठावर भराव टाकला, मिठागराचा बांध पक्का केला किंवा उपखाडीचे तोंड बुजवले, की आत मावणारे पाणी घटते, परतीचा ओघ मंदावतो आणि गाळ वरच्या टोकाला बसतो. पुलांच्या खांबांमागेही पाणी मंदावते. रेल्वे १८५४ मध्ये ठाण्याजवळ खाडी ओलांडून कल्याणला गेली. वाशीचा पहिला रस्ता-पूल १९७३ चा, ऐरोलीचा १९९९ चा.

वनस्पती : तिवर या खारफुटीच्या झाडाचे वर्चस्व. कमी प्रमाणात चिपी, कांदळ, काजळा, मारांडी, उंचवट्यावर हुरा. तिवराची श्वसनमुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात आणि ओहोटीला हवा घेतात. राडारोड्याने ती गाडली गेली किंवा बांधामुळे पाणी साचून राहिले, तर झाड न तोडताही काही महिन्यांत वाळते. उभ्या कांदळवनाचा (खारफुटीच्या जंगलाचा) असा अंत डोळ्यांत भरत नाही, म्हणूनच तो अधिक घातक. बी पावसाळ्यात पिकते. गळलेले ताजे बी पाण्यात ठेवल्यावर साल सुटते. मग ते खाडीच्याच चिखलाने भरलेल्या पिशवीत टोचतात, खोल पुरत नाहीत. लागवड बहुधा जागा चुकल्याने फसते. फार खाली लावलेली रोपे दीर्घकाळ बुडून राहतात आणि त्यांवर शेवाळ व खडपे (बार्नॅकल) चढतात; फार वर लावलेली उन्हाळ्यात मिठाचा थर चढून जळतात. शेजारी तिवर आपोआप रुजला असेल, ती पातळी धरावी.

पक्षी : मोठा व छोटा रोहित (फ्लेमिंगो) हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत येथे असतात. छोटा रोहित चिखलावरची नील-हरित शैवाले गाळून खातो. सांडपाण्यातील नत्र-स्फुरदामुळे हे शैवाल वाढले, असे अनेक अभ्यासक मानतात. चरणे ओहोटीला होते. भरतीला थवे भांडुप, नेरूळ येथील उथळ पाणथळींवर विसावतात, त्यामुळे खाडी राखली आणि या पाणथळींचे पाणी तोडले तर पक्षी टिकत नाहीत. अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले (सु. १७ चौ. किमी.), २०२२ मध्ये रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत) समावेश.

मासेमारी : काठच्या कोळीवाड्यांत बोय, कोलंबी, चिंबोरी, निवटी, कालवे ही मुख्य मिळकत. निवटी ओहोटीला चिखलातील बिळांतून हाताने काढतात.