तलवारी गेल्या, फुलदाण्या आल्या

मेजी काळातल्या (1868–1912) जपानी ब्राँझच्या फुलदाण्यांना 'निर्यातीचा माल' म्हणून कमी लेखणारे अजूनही भेटतात. त्या परदेशी गिऱ्हाइकांसाठी घडल्या हे खरंच आहे. पण त्या घडवणारे हात कुठून आले, हे पाहिलं की तो शिक्का अन्यायाचा वाटतो.

मेजी काळाआधी ब्राँझच्या फुलदाणीची एक महत्त्वाची जागा बौद्ध देव्हाऱ्यात होती. सोबत धूपदाणी आणि मेणबत्तीची समई. 1868 मध्ये नव्या सरकारनं जपानचा मूळचा शिंतो धर्म आणि बौद्ध धर्म वेगळे केले, अनेक बौद्ध मंदिरांची मोडतोड झाली आणि ओताऱ्यांचं हक्काचं काम आटलं. 1871 मध्ये सरदारांच्या जहागिऱ्या गेल्या, म्हणजे आश्रयदातेही गेले. 1876 मध्ये तलवार लावून फिरायला बंदी आली, तेव्हा तलवारीच्या मुठींवरचा साज सोन्याचांदीनं जडवणारे कारागीर रिकामे झाले. कानो नात्सुओसारख्याला नव्या नाण्यांच्या नक्षीचं काम मिळालं. सगळेच इतके नशीबवान नव्हते.

सरकारला परकीय चलन हवं होतं. 1873 च्या व्हिएन्ना प्रदर्शनात जपानी वस्तूंचं कौतुक झालं आणि पुढच्याच वर्षी किरित्सु कोशो काइशा ही निर्यात कंपनी उभी राहिली. तिच्यासाठी काम करणाऱ्या सुझुकी चोकिचीची मोरांची भव्य धूपदाणी आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

या कामाची पद्धत आपल्याकडच्या ओताऱ्यांना ओळखीची वाटेल. मेणाचा नमुना, त्यावर मातीचे थर, मेण वितळवून त्या पोकळीत ओतलेला धातू. शेवटी साचा फोडायचा, म्हणून प्रत्येक नग एकुलता. खरी करामत रंगाची. तांब्यात थोडं सोनं मिसळलेला 'शाकुदो' तांब्याच्या क्षारांच्या द्रावणात उकळला की निळसर काळा होतो. फुलदाणीवरच्या कावळ्याचं पीस असं धातूतूनच काळं होतं, त्याला रंग फासावा लागत नाही.

विषय जुनेच: धबधबा चढून ड्रॅगन होणारा कोई मासा, वाऱ्याची पोतडी घेतलेला वायुदेव फुजिन, ढोल बडवणारा मेघगर्जनेचा देव राइजिन, सारस, लाटा, आठ डोक्यांच्या ओरोची नागाला मारणारा सुसानोओ देव. त्या नागाच्या शेपटीतून तलवार निघते, अशी कथा आहे. तलवारबंदीनंतरही ती ब्राँझमध्ये ओतली जात राहिली, हे मला फार बोलकं वाटतं.

1891 मध्ये कंपनी बंद पडली. तोवर उत्तमोत्तम नग परदेशी गेले होते. क्योटोचं सान्नेनझाका संग्रहालय 2000 साली उघडलं. मेजी काळातली अशी कारागिरी आता तिथे जपानमध्येच पाहता येते.