मराठा दरबारातील मानचिन्हे

पदाचा दर्जा नजरेत भरावा म्हणून दरबारात आणि स्वारीत मिरवली जाणारी वस्त्रे, अलंकार व वस्तू. छत्र, चवरी, मोर्चेल (मोरपिसांचा कुंचा), अबदागीर (सावलीसाठी धरायची मानाची छत्री), पालखी, चौघडा, जरीपटका (जरीचे निशाण), शिक्केकट्यार (शिक्का व कट्यार) आणि पगडीवरचा शिरपेच ही त्यांतली प्रमुख. ऐपत आहे म्हणून ती वापरता येत नसत. धन्याकडून मिळावी लागत.

शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला (६ जून १६७४) रायगडावर हजर असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन याने सिंहासनाचे बारकाईने वर्णन केले आहे. सोनेरी भाल्यांच्या टोकांवर उजवीकडे मोठाल्या दातांची दोन मत्स्यमुखे, डावीकडे घोड्यांच्या शेपट्या, आणि एका उंच भाल्यावर न्यायाचा समतोल तराजू. ‘छत्रपती’ ही पदवी छत्रावरून आलेली, अभिषेक वैदिक. पण मासा मोगलांच्या ‘माही मरातब’ या मत्स्यचिन्हाच्या बहुमानाची आठवण करून देणारा. यात विसंगती शोधू नये. समोरच्या मंडळींना सत्तेची हीच खूण ओळखीची होती.

शिरपेच म्हणजे पगडीवर पुढच्या बाजूने बांधायचा रत्नजडित दागिना; तुरा मोत्यांचा, कलगी पिसांची. हल्ली वर्तमानपत्रांत रोज कुणाच्या तरी शिरपेचात तुरा खोवला जातो, तो हा.

पेशवे पुण्यात कितीही प्रबळ झाले तरी पदाची वस्त्रे छत्रपतींकडूनच यायची. देणाऱ्याचे बळ ओसरले तरी त्याच्या हातचा मान ओसरत नसे, हे १७९२ साली फार ठळकपणे दिसले. महादजी शिंदे यांनी बादशहा शाह आलमकडून पेशवे सवाई माधवरावांसाठी ‘वकील-इ-मुतलक’ (बादशहाचा सर्वाधिकारी प्रतिनिधी) हे पद पुण्यास आणले. सोबत खिलत (मानाची वस्त्रे), रत्ने, ढाल-तलवार, शिक्का, कलमदान, मोर्चेले, नालकी (पालखीचाच एक प्रकार), पालखी आणि माही मरातब. बादशहाचे डोळे १७८८ मध्येच काढले गेले होते आणि तो शिंद्यांच्याच आश्रयाने दिल्लीत राहत होता. तरी फर्मान त्याचेच लागले. पेशव्यांचे कारभारी नाना फडणविसांना हा प्रकार पसंत नव्हता. अखेर साताऱ्याच्या छत्रपतींची संमती घेऊन समारंभ झाला. त्याआधीच्या भेटीत महादजींनी बगलेतल्या गुंडाळीतून नवे जोडे काढून पेशव्यांच्या पायांशी ठेवले होते. वडिलांचे हेच काम, माझेही हेच, असे ते म्हणाल्याचे सांगतात.

छत्र, चवरी व अबदागीर आज देवांच्या पालख्यांबरोबर दिसतात.