लेइगोंगतेंग: कीटकनाशक मुळीपासून संधिवाताच्या गोळीपर्यंत

दक्षिण चीनच्या डोंगराळ प्रांतांत लेइगोंगतेंग नावाची वेल वाढते. ‘ट्रिप्टेरिजियम विल्फोर्डी’ हे तिचे शास्त्रीय नाव असून आपल्याकडील मालकांगोणी याच कुळातली आहे. तेथील शेतकरी तिच्या मुळांची पूड पिकांवरील कीड मारण्यासाठी वापरत, आणि पाने खाल्ल्याने माणसे दगावल्याच्याही नोंदी आहेत. औषधासाठी मात्र मुळाची साल खरवडून टाकून आतला लाकडी गाभाच घेतला जाई व तो बराच वेळ उकळला जाई, कारण साल अधिक विषारी.

आधुनिक रुग्णालयांचे लक्ष या वेलीकडे वळले ते १९६०च्या दशकात, फूजिआन प्रांतात. कुष्ठरोगाच्या काही रुग्णांच्या अंगावर दुखऱ्या गाठी उठतात, ताप येतो आणि सांधे सुजतात. हा उद्रेक या वेलीच्या काढ्याने शमतो, असे तेथील डॉक्टरांना दिसले. जंतूंविरुद्ध शरीरानेच भडकवलेला हा दाह असल्याने, ज्या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते त्या आमवातातही, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्येही, १९६९पासून ती वापरली जाऊ लागली.

तिच्यातील मुख्य घटक मात्र हाती लागला तो भलत्याच शोधात. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठात कर्करोगावरील द्रव्ये शोधणाऱ्या मॉरिस कुपचन यांच्या गटाने १९७२ साली ‘ट्रिप्टोलाइड’ वेगळे केल्याचे जाहीर केले. पुढे चीनमध्ये मुळाच्या शुद्ध केलेल्या अर्काच्या गोळ्या निघाल्या, वापर वाढला आणि १९८०च्या दशकात एक वेगळाच परिणाम उघड झाला: गोळ्या घेणाऱ्या पुरुषांचे शुक्राणू घटत होते. पुरुषांसाठीचे गर्भनिरोधक म्हणूनही मग या वेलीचा अभ्यास झाला.

अमेरिकेत १२१ आमवात रुग्णांवर झालेल्या २४ आठवड्यांच्या चाचणीचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. आजारात किमान २० टक्के सुधारणा अर्क घेणाऱ्या ६५ टक्के रुग्णांत, तर सल्फासालाझिन हे आमवातावरचे प्रचलित औषध घेणाऱ्या सुमारे ३३ टक्के रुग्णांत दिसली. आकडे भारावणारे असले तरी ते जपूनच वाचावेत, कारण अखेरची माहिती अनुक्रमे ६२ आणि ४१ टक्के रुग्णांचीच उपलब्ध होती व उरलेल्यांची जागा सांख्यिकी अंदाजांनी भरलेली होती. बीजिंगच्या पेकिंग युनियन मेडिकल कॉलेज रुग्णालयाच्या पुढाकाराने २०७ रुग्णांवर झालेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तुलना मेथोट्रेक्सेट या आमवातावरच्या नेहमीच्या औषधाशी होती. तेथे निम्म्याने सुधारणा झालेल्यांचे प्रमाण एकट्या मेथोट्रेक्सेटने ४६, एकट्या अर्काने ५५ आणि दोन्ही मिळून ७७ टक्के भरले. मात्र कोण काय घेत आहे हे डॉक्टरांना आणि रुग्णांना ठाऊक होते, त्यामुळे अपेक्षेचा रंग निकालावर चढलेला असू शकतो.

गुण आणि विष यांची फारकत इतकी अवघड का, याचा उलगडा बऱ्याच अंशी २०११ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधनाने केला. जनुकातील माहिती आरएनएमध्ये उतरवून घेताना पेशीला ‘एक्सपीबी’ नावाचे प्रथिन लागते आणि ट्रिप्टोलाइड नेमके त्यालाच घट्ट चिकटते. त्यामुळे दाह वाढवणाऱ्या द्रव्यांची निर्मिती थंडावते खरी, पण हे प्रथिन साऱ्याच पेशींना लागत असल्याने यकृत, मूत्रपिंड, अस्थिमज्जा आणि वृषण यांनाही झळ पोहोचू शकते. चीनच्या औषध नियामकाने २०१२ साली दिलेल्या सावधगिरीच्या सूचनेत म्हणूनच मुले, गरोदर स्त्रिया आणि अपत्य हवे असलेले स्त्री-पुरुष यांना या गोळ्या देऊ नयेत, असे बजावले.