लायनर खातो कोण?

बोटीच्या इंजिनातून काढलेला लायनर, म्हणजे ज्या नळकांड्यात पिस्टन वर-खाली होतो ते, बाहेरच्या अंगाला भोकाभोकांचा झालेला दिसला, की निदान ठरलेलं असतं: "खाऱ्या पाण्यानं खाल्लं." मालवणचा तांडेल (बोटीचा प्रमुख) तेच म्हणतो, गोव्यातल्या बेतुलचा मेकॅनिक तेच म्हणतो, आणि खरं सांगायचं तर आमच्या बेळगावचे निम्मे फिटरही तेच म्हणतात. उद्यमबाग या इथल्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये मध्यंतरी असे दोन लायनर एकाच बाकावर पडलेले पाहिले. एक मालवणकडच्या ट्रॉलरचा. दुसरा चिकोडी तालुक्यातल्या एका जुन्या जनरेटरचा, ज्यानं जन्मात कृष्णेच्या गोड्या पाण्याखेरीज काही पाहिलं नव्हतं. दोघांवर भोकं सारखीच होती, आणि तीही चहूबाजूंनी नाही, एकाच बाजूला उभ्या पट्ट्यात. मीठच जर लायनर खातं, तर कृष्णाकाठी ते आलं कुठून?

समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवरच्या गावात बोटीचे भाग कशाला येतात, असा प्रश्न बाहेरच्यांना पडतो. चोर्ला घाट उतरला की गोवा, आणि इथे ओतकामाच्या भट्ट्या, लेथ आणि क्रँकशाफ्ट करणारे कारखाने. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचं दुकान काढलं ते याच गावात; लोखंडी नांगरही इथलाच. १९१० मध्ये ते औंध संस्थानात गेले, पण लोखंडाचा नाद गावाला लागला तो लागलाच. जुन्या इंजिनाचा भाग कंपनीनं बंद केला, की माणूस नमुना पिशवीत घालून कोल्हापूरच्या उद्यमनगरात जातो, नाहीतर आमच्याकडे येतो.

आता भोकांकडे वळू. काही इंजिनांत लायनरच्या बाहेरच्या अंगाला थेट पाणी लागतं. त्याला वेट लायनर म्हणतात. पिस्टन वर-खाली होतो असं शाळेत शिकवतात ते अर्धंच. पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा कनेक्टिंग रॉड तिरका असतो, त्यामुळे पिस्टन नेहमी लायनरच्या एका भिंतीला रेललेला राहतो. वरच्या टोकाला पोचून तो परत फिरला की रॉडचा तिरकेपणा उलटतो आणि पिस्टन एका भिंतीवरून दुसरीवर आपटतो. नेमका त्याच सुमारास डिझेलचा स्फोट होतो, म्हणून हा टोला सगळ्यात जबर. १५०० आरपीएमचं, म्हणजे मिनिटाला १५०० फेरे घेणारं फोर-स्ट्रोक इंजिन घ्या. त्यात दर दोन फेऱ्यांना एक स्फोट. एका सिलिंडरमध्ये मिनिटाला ७५० स्फोट, तासाला ४५ हजार, हजार तासांत साडेचार कोटी. एवढे टोले आणि तेही एकाच भिंतीवर. उभा पट्टा येतो तो इथून.

पण टोला आतून आणि भोक बाहेरून, हे कसं? टोला बसला की लायनरची भिंत घंटेसारखी कंप पावते. कंप डोळ्याला दिसत नाही. काही मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, पण सेकंदाला हजारो वेळा. समजा भिंत ५ मायक्रॉन हलतेय आणि सेकंदाला ३००० वेळा. गणित केलं तर तिचं त्वरण गुरुत्वत्वरणाच्या साधारण १८० पट निघतं. भिंत आत सरते तेव्हा पाण्यानं तिच्यामागे धावायला हवं, ते त्याला जमत नाही. भिंतीलगतचा दाब एकदम पडतो. दाब कमी असला की पाणी कमी तापमानाला उकळतं हे आपल्याला ठाऊक आहे; बेळगावातही ते १०० अंशांच्या अडीचेक अंश आधीच उकळतं. इथे तर दाब इतका उतरतो, की साठ-सत्तर अंशांच्या पाण्यातही वाफेचे सूक्ष्म बुडबुडे तयार होतात. पुढच्याच क्षणी भिंत बाहेर येते, दाब परततो, आणि बुडबुडा मिटतो. नुकसान करतं ते हे मिटणं. यालाच कॅव्हिटेशन म्हणतात.

बुडबुड्यात एवढी ताकद कुठली, हा प्रश्न मला फार आवडतो, म्हणून जरा रेंगाळतो. तो पहिल्यांदा बोचला जहाजवाल्यांना. ब्रिटिश इंजिनिअर चार्ल्स पार्सन्सनं १८९४ मध्ये टर्बाइनवर चालणारं 'टर्बिनिया' जहाज पाण्यात सोडलं, पण ते अपेक्षेइतकं पळेना. पंखा इतका भरभर फिरत होता, की पाणी त्याला धरून राहत नव्हतं. पात्यांवर पोकळ्या होत होत्या. पार्सन्सनं त्या बघायला खास टाकी बनवली. मग एका दांड्याऐवजी तीन दांडे आणि नऊ पंखे लावले, आणि जहाज ३४ नॉटच्या (तासाला ३४ सागरी मैलांच्या) वर गेलं. पोकळ्यांनी पंख्यांची पाती मात्र कुरतडली जातच राहिली. १९१७ मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांनी हा प्रश्न कागदावर सोडवला. पाण्यात रिकामा गोल खड्डा आहे आणि चहूबाजूंनी पाणी आत धावतंय, असं त्यांनी धरलं. १ मिलिमीटर त्रिज्येचा खड्डा वातावरणाच्या दाबाखाली मिटायला लागणारा वेळ निघतो सेकंदाचा सुमारे अकरा हजारावा भाग. त्रिज्या विसाव्या हिश्श्यावर आली, की लगतच्या पाण्यातला दाब बाहेरच्या दाबाच्या १२६० पट. कारण साधं आहे: मोठ्या गोलातून निघालेल्या पाण्याची सगळी गतिज ऊर्जा शेवटी चिमूटभर जागेत येऊन कोंबली जाते. शिवाय भिंतीजवळचा बुडबुडा गोल राहून मिटतच नाही. भिंतीच्या बाजूनं पाणी यायला अडथळा असतो, म्हणून समोरची बाजू आत घुसते आणि सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास वेगानं पाण्याची सुई भिंतीत टोचते. लायनर बहुधा बिडाचा. बिडात ग्राफाइटच्या पापड्या असतात, त्या आधी उखडतात, मग त्यांच्या कडेचं लोखंड. पाण्यातला क्षार आणि गंज या जखमेवर मीठ चोळतात हे खरंच, पण सुरुवात त्यांनी केलेली नसते. बोटीवाले इमानेइतबारे झिंकचा प्लग बदलतात, तो दोन धातूंमधल्या विद्युत-रासायनिक गंजाला आवर घालतोही, पण बुडबुड्यापुढे त्याचं काही चालत नाही.

इथवर कोणी दमलं असेल तर पुढचा भाग तरी वाचा, कारण तो खिशाशी संबंधित आहे. आपल्याकडे "इंजिन गार राहू दे" म्हणून थर्मोस्टॅट (पाणी पुरेसं तापेपर्यंत अडवून धरणारी झडप) काढून फेकायची रीत आहे. कॅव्हिटेशनची झीज सर्वांत जास्त होते ती साधारण ५० ते ६० अंशांच्या पाण्यात. पाणी ८० अंशांवर गेलं की बुडबुडे जास्त होतात, पण त्यांत वाफ भरलेली असते (५० अंशांना वाफेचा दाब ०.१२ बार, ८० अंशांना ०.४७), आणि ती वाफ मिटण्याचा दणका झेलते. वर इंजिन गार असलं की पिस्टन पुरता फुगत नाही, लायनरमध्ये सैल राहतो आणि जास्त जोरानं आपटतो. म्हणजे थर्मोस्टॅट काढणारा माणूस दोन्हीकडून लायनरच्या मुळावर उठतो. समुद्राचं पाणी थेट फिरवणाऱ्या जुन्या बोट-इंजिनांची अडचण मात्र खरी आहे: साठ अंशांच्या वर पाण्यातले क्षार बसू लागतात. त्यांना गार ठेवण्यावाचून इलाज नसतो. उपाय एकच, हीट एक्स्चेंजर (समुद्राच्या पाण्यानं गोडं पाणी गार करणारा नळ्यांचा संच) लावून इंजिनात गोडं पाणी फिरवायचं, त्यात नायट्राइटवालं कूलंट घालायचं आणि रेडिएटरचं किंवा टाकीचं प्रेशर कॅप शाबूत ठेवायचं. कॅपमुळे दाब वाढतो, बुडबुडा मुळातच कमी होतो. दोन-पाचशे रुपयांच्या कॅपसाठी अख्खं लायनर-पिस्टन घालवलेली माणसं मी पाहिली आहेत.

तीच माणसं डिझेलच्या पाइपला लोहचुंबक बांधून डिझेल वाचवायला निघतात. डिझेल चुंबकाला दाद देत नाही, विक्रेत्याला मात्र दाद मिळते. आणि शनिवारी लोखंड घरी आणायचं नाही म्हणून गळकं इंजिन सोमवारपर्यंत चालवणाऱ्यांना काय सांगावं? साडेसाती लायनरला लागत नाही, तुमच्या ऑइलला लागते. भोक आरपार गेलं की पाणी ऑइलमध्ये उतरतं आणि बेअरिंगं संपतात.

सुट्या भागांचं बोलायचं तर घाबरण्याइतकी वाईट अवस्था नसते. बोटीची बरीच इंजिनं जमिनीवरच्या इंजिनांनाच समुद्राचा साज चढवून केलेली. पर्किन्सचं ३.१५२, म्हणजे तीन सिलिंडर आणि १५२ घनइंच, ट्रॅक्टरमध्येही होतं आणि बोटीतही. त्याचे पिस्टन-रिंगा ट्रॅक्टरच्या दुकानात विचारा. (त्याचा लायनर ड्राय आहे, पाण्याला शिवत नाही, त्यामुळे वरची कटकटही नाही.) अडतं ते समुद्राच्या साजाचं: एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, कच्च्या म्हणजे समुद्राच्या पाण्याचा पंप, हीट एक्स्चेंजरच्या नळ्या. पंपाची बॉडी नमुन्यावरून ओतून मिळते, पण नमुनाच साच्यात दाबला तर भाग लहान येतो. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, तेवढा पॅटर्न (साच्यात दाबायचा नमुना) मोठा लागतो. शिवाय मशिनिंगमध्ये कातून काढायला जादा जाडी सोडायची ती वेगळी.

लायनर करून घेताना लोक आतला व्यास सांगतात आणि गप्प बसतात. त्याहून महत्त्वाची असते वरच्या कॉलरची जाडी, कारण कॉलर ब्लॉकच्या वर किती उचलून राहते यावर ब्लॉक आणि हेडमधलं सांध्याचं हेड गॅस्केट टिकतं की नाही ते ठरतं. पाणी अडवणाऱ्या रबरी ओ-रिंगच्या खाचाही जुन्या लायनरवरूनच मोजा, झिजलेल्या रबरावरून नको. भोकं उथळ असतील तर नवा लायनर न घेता जुनाच ९० अंश फिरवून बसवता येतो. टोले खाणारी बाजू बदलते आणि काही काळ निभावतं. मात्र त्यासाठी लायनर उपसण्याआधीच वरच्या कडेवर इंजिनाच्या पुढची बाजू पंचनं खूण करून ठेवा. ती खूण नसेल तर पट्टा टोल्याच्या बाजूचा होता की नुसता गंज, हे आमच्या बाकावर कोणालाच सांगता येत नाही.